शिफ्टनंतरची बस

१२ नोव्हेंबर १९८६

कमल अजून आली नाही! बोरगावच्या कारखान्याची शिफ्ट केव्हाच सुटली. रामाकोन्याकडे येणारी शेवटची बस त्याआधीच निघून जाते, मग आमच्या गावच्या पोरी संत्र्याच्या ट्रकवर बसून येतात. गावाबाहेर नाल्याजवळ उतरतात आणि वावरातून चुपचाप घरी. माझी धाकटी बहीणही त्यांच्यातलीच. ट्रक वाजला की मी दारात येऊन उभी राहते.

आली. 'काऊन दारात उभी हायेस, ताई?' म्हणे. जशी काही मी हौसेनं उभी होते!

१५ नोव्हेंबर

सौसरला आमच्या तहसील कचेरीत नव्या बसमार्गांचं काम माझ्याच टेबलावर आलं. बोरगावला वस्ती वाढतेय, म्हणून कोण कुठे जातं ते घरोघरी विचारायचं. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीतली बिहारी फिटरची बायको घडाघडा सांगून मोकळी झाली — नवरा कुठे, दीर कुठे, स्वतः कुठे. केरळची नर्सही तशीच. आणि आमचं गाव? शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, 'आमची पोरगी मामाच्या घरी हाय.' तिला तर मी रोज कमलसोबत जाताना पाहते! कारखान्यात जाणाऱ्या मुलीची सोयरीक जुळत नाही, म्हणून सगळ्याच मामाकडे.

आमच्या घरी कचेरीतला विजय गेला होता. आईनंही त्याला हेच सांगितलं.

१८ नोव्हेंबर

साहेब म्हणाले, 'लिस्ट में रामाकोना की एक भी लड़की नहीं है. फिर शाम की बस किसके लिए?'

विजय समोर बसलेला, आईचं उत्तर त्यानंच लिहून आणलेलं. कमलला पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे येणार आहेत. तरी बोलून गेले — 'माझी बहीण आहे, साहेब.'

आठवडाभर चालवून पाहू, म्हणाले. रिकामी गेली तर बंद.

घरी आई — 'तूच आपल्या हातानं तिचं लगन मोडून राहिली!' जेवली नाही.

२४ नोव्हेंबर

बस सुरू झाली. मी चौकात थांबले होते. रिकामी! पोरी ट्रकनेच आल्या. कमल म्हणते, 'बस चौकात सोडते, ताई. पानठेल्यावर सारं गाव बसून रायते.' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता बस जाणार, ट्रक राहणार.

२६ नोव्हेंबर

ट्रकवाला आज नाल्याजवळ थांबलाच नाही! पोरींनी ओरडून ओरडून केबिनचा पत्रा बडवला, तेव्हा बराच पुढे जाऊन ब्रेक लावला. झोप लागली होती म्हणे. खरं की खोटं, देव जाणे. कमल हसत सांगत होती, ओठ मात्र पांढरे पडलेले. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मला तर तिचीच भीती वाटली.

२७ नोव्हेंबर

आई दुपारपासून घरात नव्हती. संध्याकाळी चौकात बस थांबली आणि आई उतरली — कमलचा हात धरून, मागे केसरबाईंची मुलगी. आई पानठेल्याकडे पाहून मोठ्यानं म्हणाली, 'कारखान्यातून आणल्या पोरी. पाहुण्याइले सांगाचं असन तं सांगा!'