खारपाणातला समुद्र

२ फेब्रुवारी १९६४, रविवार
काचेची टाकी अकोल्याहून आली. अडीच फूट लांब, पत्र्याची चौकट. घरात समुद्र पाळणारा वऱ्हाडात मी पहिलाच असणार. मुंबईकरांना वाटतं, समुद्र त्यांच्याच मालकीचा. इथे आमच्या खारपाणपट्ट्यात कुठेही विहीर खणा, खारंच पाणी. लोक पिढ्यान्‌पिढ्या नशिबाला बोल लावत बसले, त्याचा उपयोग कुणाला सुचला नाही. त्याला विज्ञानाचा मास्तरच लागतो.
बायको, केशर, म्हणाली, समुद्र आनून रायले, पन प्याच्या पान्याचं काय. तो विषय वेगळा.

९ फेब्रुवारी
माझा शाळासोबती भगवंत रेल्वेत गार्ड आहे. त्याने मुंबईहून दुधाच्या कॅनमधून सहा मासे आणले. आपल्या विहिरीच्या पाण्यात सोडले. सगळे खुशीत.

१० फेब्रुवारी, सकाळी ६
दोन उताणे. प्रवासाचा शीण.

११ फेब्रुवारी
उरलेले चारही उताणे. विहिरीत मीठ कमी पडलं. वाण्याकडून दोन शेर आणलं. अनुभव वाया जात नाही.

१ मार्च
पुन्हा सहा मासे, शिवाय शंखात राहणारा एक खेकडा आणि चार कॅन अस्सल समुद्र. भगवंत म्हणाला, आता बस, डब्यात लय वास येते. पुढच्या विज्ञान प्रदर्शनाला अमरावतीत पहिला नंबर. पाण्यात अंडं तरंगवून खारटपणा पाहतो. ही अचूक पद्धत.

२६ मार्च
ऊन वाढलं. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, मासे वर येऊन तोंड वासतात. गोडं पाणी ओतलं की तरतरीत होतात. रोज एक घागर पुरेल. केशर दोन मैलांवरच्या गोड्या विहिरीवरून दोन आणतेच. म्हणजे कुणाला जादा त्रास नाही.

१२ एप्रिल, रविवार
केशरचे पाय सुजलेत. अकोल्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचा त्रास आहे. खारं पाणी बंद, गोडंच प्यायला द्या, ओझं उचलू देऊ नका. उद्यापासून पाणी मी आणणार. ठरलं.

१३ एप्रिल
शाळेत परीक्षा. केशरच गेली. उद्यापासून नक्की.

१४ एप्रिल
पेपर तपासायचे आहेत. सोमवारपासून.

२३ एप्रिल
टाकी तापू नये म्हणून भोवती ओलं तरट गुंडाळलं. आता दीड घागर लागते. केशर म्हणाली, मले खाऱ्याची सवय हाये, मासे मुके हायेत. समजूतदार बाई. प्रकृतीही सुधारली आहे. चेहरा चांगला भरलाय.

४ मे
चौकट गंजून टाकी गळते. फटींत काचेला लावायची लांबी भरली. त्या लांबीच्या विषाने मासे गेले. खेकडा आहे. एका जिवावर नीट लक्ष देता येतं.

७ मे
केशरचा भाऊ सूर्यभान आला. तिला अचलपूरला घेऊन गेला. जाताना म्हणाला, भाऊजी, तुमाले मास्तर कोनं केलं. केशर एवढंच म्हणाली, माठात अर्धी घागर हाये, तुमाले ठेवली. आठ दिवसांत येईल.
ती अर्धी घागर खेकड्याला.

११ मे
खेकडा शंखातून बाहेर पडून मेला. घरात प्यायला पाणी नाही. शेजारून मागितलं.

१८ मे, सोमवार
सूर्यभानचं कार्ड. तिथले डॉक्टर म्हणतात फार उशीर झाला, दोन्ही मूत्रपिंडं गेली, येऊन भेटून जा. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. उद्या सकाळच्या एसटीने निघतो आणि तिला घेऊनच येतो. आल्यावर गोडं पाणी लागेल, म्हणून घागर उचलली आणि विहिरीवर गेलो. पहिल्यांदाच.
शेजारची चतुराबाई पाणी ओढत होती. म्हणाली, मास्तर, तुमी आले काय. बाई तं वाटेनं तीनदा बसे. पाय दाबत बसे त्या निंबाखाली. मी म्हणालो, मला कधी बोलली नाही. चतुराबाई दोर ओढत राहिली.
केशर दोन घागरी आणायची. मी एकच आणली आणि पाच वेळा बसलो. माझे पाय सुजलेले नाहीत. लाज वाटली.
माठ धुऊन भरला, वर फडकं बांधलं. केशर आली की पिईल.