दीड वाजताची भरती

बोरिवली,
सोमवार

तीर्थस्वरूप वसुधाताईस नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा मुलुंडचे जिने चढू देतो ना? फोनच करणार होतो, पण 'मी म्हटलं नव्हतं?' हे तुझ्या आवाजात ऐकायची अजून तयारी नाही, म्हणून पत्र.

निवृत्तीनंतर मी संस्थेची फिरती विज्ञानगाडी घेऊन शाळाशाळांत जातो, हे तुला ठाऊक आहेच. शनिवारी भाईंदरचा वळसा घालून गोराईला गेलो. विषय भरती-ओहोटी. म्हटलं, खाडीकाठीच शिकवू, म्हणून गाडी थेट वाळूत लावली. टब, त्यात पाणी, वर हँडलने फिरणारा प्लास्टिकचा चंद्र (झकास झालाय, मीच केलाय). शाळेच्या समितीवरच्या सुगंधाबाई मासळीची पाटी ठेवून बघत होत्या. बोटांची पेरं मोजून म्हणाल्या, "मास्तर, आज बीज हाय. दीडला पानी गाडीखाली येल." मी हसून भरतीचा छापील तक्ता दाखवला. तो मी खास लॅमिनेट करून गाडीत लावलाय. तक्ता गेल्या वर्षीचा होता, हे दीड वाजता कळलं.

चाकं रुतली, टब उलटला, चंद्र खाडीत गेला. पोरांनी फळ्या घातल्या, होडीचा दोर बांधला आणि गाडी ओढून काढली. (जड वस्तू सहज ओढायच्या कप्प्यांचं माझं प्रदर्शन आतच बसून बघत होतं.) बाई म्हणाल्या, चंद्र साडेसातला ओहोटीला मिळेल. मी हट्टाने थांबलो. ताई, साडेसातला तो चिखलात बसलेला होता. अंगावर काटा आला गं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ (बीज म्हणजे दोन, म्हणून दीड), एवढाच त्यांचा हिशेब, आणि तिसरीतली पोरंही तो बोटांवर करतात. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाच्या वर उशिरा येते, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते कुणाच्या बोटांवर आधीच आहे, हे मला कधी सुचलंच नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. गाडी तिथे पुन्हा न्यायची तर समितीची, म्हणजे बाईंची परवानगी हवी. त्या म्हणाल्या, "या ना मास्तर. पन पयले तिथ मोजाला शिका." येत्या शनिवारी पोरं माझी परीक्षा घेणार आहेत आणि मला पंचांगात बघितल्याशिवाय तिथी सांगता येत नाही. मला तिथे पुन्हा जायचंच आहे. तेव्हा मी थोतांड म्हणून तुझ्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलेलं ते पंचांग काढून लगेच पाठव.

ता. क. २. नको, ते गेल्या वर्षीचं आहे. यंदाचं पाठव.