टॅन्डेल नावाचा मित्र

५ जुलै २०१४, शनिवार. हार्लेम, नेदरलँड्स
चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या वीस वर्षांच्या कामातली चूक सांगावी का? मला माहीत नाही.

इथल्या ओळखीच्या डच यान आजोबांची नजर गेलीय, म्हणून दर शनिवारी मी त्यांना त्यांचे कागद वाचून दाखवते. ते एका जुन्या अमेरिकन कमोडोरचं (यापुढे क.) चरित्र लिहितायत. शिडांच्या जहाजांचा काळ. बाराव्या वर्षी आरमारात, चाळिशीत स्वतःचं जहाज, म्हातारपणी वाफेच्या इंजिनांवर चिडचिड. बायको हार्लेमची, आजोबांच्या पणजीची थोरली बहीण. तिला समुद्रावरून लिहिलेली पत्रं बिस्किटांच्या डब्यात.

आजोबांचा लाडका अध्याय: 'टॅन्डेल, एक मित्र'. आज पहिल्यांदा मूळ पत्रं वाचली. मुंबई बंदरात निम्मे खलाशी तापाने पडले तेव्हा टॅन्डेल जहाजावर आला, मकावपर्यंत क.च्या सोबत राहिला. आजोबांनी अमेरिकेतली टॅन्डेल घराणी शोधून कुणाकुणाला पत्रं लिहिली.

ते आडनाव नाहीच. तांडेल. खलाशांचा म्होरक्या. मला नाही कळणार तर कुणाला? हर्णैला बाबा तेच आहेत.

पण आजोबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय, बाबा 'शिपिंगमध्ये' असतात.

८ जुलै
स्लोटरडाइक. ऑफिसात जेवणाच्या डब्यासमोर बसून, शनिवारी वाचलेली पत्रं आठवून मोजलं. अकरा पत्रांत तांडेल आहे, नाव एकातही नाही. बायकोच्या मांजरीचं नाव आहे. क.चा भयंकर राग आला.
आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मिरवणारी मी? माझं काय...

१२ जुलै, शनि.
नाही सांगितलं. वाचत राहिले, जणू आडनावच. सवयीने जिभेवर आपला 'त' आला. आजोबा हसले. म्हणाले, "त्याचं नाव तू माझ्यापेक्षा मायेनं घेतेस."
परतताना सायकल चालवलीच नाही, हातात धरून चालत आले.

१६ जुलै
बाबांना फोन. मासेमारी बंद, जाळी शिवत बसलेत. विचारलं, बोटीवर तुम्हाला कुणी नावाने हाक मारत नाही, वाईट वाटतं का.
"नावाने बँकेतला साहेब हाक मारतो. नाहीतर तुझी आजी मारायची, रागावली की." मग म्हणाले, "तांडेल म्हणतात ना, तेव्हा दहा माणसं माझ्या भरवशावर असतात गो."
म्हणजे क. मानाने म्हणत असेल? की नाव विचारायची गरजच वाटली नसेल? दोन्ही खरं असू शकतं. राग निम्मा उतरला. निम्मा आहे.
शेवटी बाबा म्हणाले, तिथे सांगतेस ना मी काय करतो ते? मी म्हटलं, बाबा, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

१९ जुलै, शनि.
सांगितलं. कॉफीच्या आधीच, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. आडनाव नाही, हुद्दा. क.चा मित्र होता का, ठाऊक नाही, पगारावर होता. तो हुद्दा मानाचा आहे हेही. आणि माझे बाबा तांडेल आहेत, मासेमारीच्या बोटीवर. शिपिंग वगैरे काही नाही.

आजोबांचा हात टेबलावर फाइल चाचपत होता. मी पुढे सरकवली. तिच्यावर हात ठेवून बसले. "वीस वर्षं," म्हणाले.

मग तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. डच 'त' आपल्याजवळचा, पहिल्या फटक्यात जमला. इतकी वर्षं उगाच अमेरिकन थाटात म्हणत होते.

"तुझ्या वडिलांचं नाव काय?"
"गणपत."
"गणपत," ते म्हणाले. दोनदा.

अध्याय ठेवणार की काढणार, बोलले नाहीत. आज पत्रं वाचली नाहीत. निघताना नेहमीसारखं 'शनिवारी ये'ही म्हणाले नाहीत. मी कप विसळून ठेवले, दार ओढून घेतलं. सांगायचं होतं ते सांगून झालंय.