नागरिकाचे मत आणि कोंडवाडा

४ नोव्हेंबर १९४६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नव्हे. तरी अक्षर नीट काढतो आहे. सवय.
पाराजवळच्या भिंतीवरचा म्युनिसिपालिटीचा फळा अखेर माझ्या ताब्यात आला. रोज पहाटे त्यावर 'नागरिकाचे मत' लिहायचे. लोकल बोर्डात एकतीस वर्षे दुसऱ्यांची मते फेअर करून दिली, आता स्वतःचे. फळा फार उंच होता. अर्ज करून दीड हात खाली घ्यायला लावला. कारण दिले: ज्ञान खालच्या थरापर्यंत पोचले पाहिजे. (माझा हातही पोचत नव्हता. पण ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.)
संकल्प: रोज एक मत. चहात साखर निम्मी. सौ.वर चिडणे नाही.

५ नोव्हेंबर
पद्धत ठरली. वाईच्या पाठशाळेत तीन वर्षे न्यायशास्त्र शिकलो ते काय पाण्यात घालायचे? आधी पूर्वपक्ष. म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, त्यांना स्वतःला जमणार नाही इतके छान मांडायचे. मग बरोबर मध्यावर 'परंतु'. मग खाली त्यांचा पार धुव्वा.
वरचा अर्धा भाग कोरड्या खडूने. परक्याच्या मताला तेवढे पुरे. 'परंतु' आणि त्याखालचे सगळे ओल्या खडूने, ठळक. वाळायला वेळ लागतो, पण उठून दिसते.
लिहून झाल्यावर फळ्याजवळ घुटमळायचे नाही. वाढणाऱ्याने पंगतीत उभे राहून आमटी कशी झाली विचारू नये. ओट्यावरून लांबून पाहायचे. संध्याकाळी शिपाई आकाराम फळा पुसतो.

६ नोव्हेंबर. सकाळी ८
पहिले मत झळकले! विषय: रॉकेलची रांग. वर लिहिले, 'काही लोक म्हणतात, पेन्शनरांना रांगेत शेवटी उभे करावे. त्यांना ना शेत, ना कचेरी.' खाली अकरा वाक्यांत चिंधड्या.
ओट्यावरून पाहिले. बनुबाई म्हशीला नदीवर नेत होती. म्हैस फळ्यापाशी चांगली पाच मिनिटे थांबली, अगदी खेटून. जनावराला कळते. नंतर माणसांची गर्दी. सगळे माना डोलावत होते.

९ नोव्हेंबर
रॉकेलला गेलो. दुकानदाराने मला रांगेच्या शेवटी पाठवले. मी म्हणालो, फळा वाचत नाही काय? तो म्हणाला, वाचूनच पाठवतोय. उद्दामपणा! पब्लिक मात्र माझ्या बाजूला. केरबा माळ्याने हात जोडले. म्हणाला, आवं तात्या, असा त्याग आजकाल कोन करतंय? मी विनयाने हसलो. (त्याग कसला, ते कळले नाही. विचारणे शोभले नसते.)
माझी पाळी आली तेव्हा दुकानदाराचा डबा रिकामा.
सौ. काळोखात म्हणाली, अहो, तो तुमचा फळा आहे ना, त्याच्या खालचं... मी तिथेच थांबवले. रॉकेलचा राग फळ्यावर काढू नये.

१३ नोव्हेंबर
हंबीरराव हवालदार लढाईवरून परत आल्यापासून पहाटे पाचला बिगुल वाजवतात. लढाई संपली हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. आज त्यावर मत. वर: 'काहींच्या मते पहाटेच्या बिगुलाने तरुणांत डिसिप्लिन येते, आळस पळतो, तो घरोघर ऐकू यावा.' खाली: पहाटेच्या शांततेचे महत्त्व. शेवटी हवालदारांना दोन सणसणीत टोले.

१४ नोव्हेंबर. पहाटे ४.३०
बिगुल. आमच्या खिडकीखाली.
दार उघडले. हंबीररावांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. म्हणाले, तात्या, लय झ्याक लिवलंसा. आता रोज अर्धा तास आदी हितंच वाजवतो.
माझ्या टोल्यांना शिपाईगड्याने किती खिलाडूपणे घेतले! पण उपहास जरा जास्तच सूक्ष्म होतो आहे. सोपे लिहिणे.

१७ नोव्हेंबर
बनुबाईच्या म्हशीच्या कुशीवर पांढरे चट्टे. रोज नवे, रोज जास्त. नदीत धुतले जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. साथीचा रोग असावा. गुरांच्या डॉक्टरला कार्ड टाकले. गावात एवढी माणसे, कोणाचे लक्ष नाही.
सौ.ला हे सांगितले तर ती पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होती. मग म्हणाली, अहो, ते चट्टे म्हणजे... मी म्हणालो, वैद्यकातले तुला काय कळते?

२० नोव्हेंबर
मुख्य लढाई सुरू. नदीकाठचा जुना कोंडवाडा पुरात गेला. मोकाट गुरे लोकांच्या उसात. म्युनिसिपालिटी नवी जागा शोधते आहे आणि डोळा आहे आमच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर! जागा सरकारी हे खरे. पण तिथे सौ. पापड-कुरडया वाळत घालते, आणि मी मनाने गेली चार वर्षे तिथे वाचनालय बांधतो आहे. आजीव अध्यक्ष कोण, ते लोक ठरवतील. मी नाही म्हणणार नाही.
सौ. म्हणाली, इथं कोंडवाडा आला तर मी सांगलीला भावाकडे जाईन. शेणाच्या वासात मला राहवायचं नाही. मी म्हणालो, माझी लेखणी असताना तू पापड लाट.

२४ नोव्हेंबर
आयुष्यातले सर्वोत्तम मत. पूर्वपक्ष इतका न्याय्य लिहिला की मलाच क्षणभर पटला: 'कोंडवाडा आमच्याच आळीत व्हावा असे काहींचे म्हणणे. जागा ऐसपैस, विहीर जवळ, आणि शेजारी जागरूक पेन्शनर, रात्रंदिवस लक्ष ठेवील.' मग 'परंतु'. वीतभर उंच, ओलाचिंब. त्याखाली वाचनालयाची योजना, अगदी खिडक्यांच्या दिशांसकट.
म्हैस आज दहा मिनिटे होती. डोळे मिटून, डुलत. बनुबाई दोर ओढून दमली.

२९ नोव्हेंबर
फत्ते! म्युनिसिपालिटीचे पत्र: 'आपण फळ्यावर व्यक्त केलेल्या मताचा आदर करून आपल्या शेजारील जागेचा ठराव सभेत एकमताने मंजूर झाला. अशी सार्वजनिक वृत्ती दुर्मिळ. उद्घाटन आपल्याच हस्ते व्हावे.'
एकमताने! पत्र सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, कशाचं उद्घाटन ते लिहिलंय का? मी म्हणालो, सगळ्या गावाला माहीत आहे ते लिहीत नसतात.

५ डिसेंबर
बांधकाम धडाक्यात. चारी बाजूंनी दगडी गडगा. छप्पर फक्त एका बाजूला. उरलेल्या भागात लोक मोकळ्या हवेत वाचतील. एक लांब दगडी हौद. बहुधा कारंज्यासाठी. जमिनीत ओळीने एकवीस खुंट ठोकले. सौ. विचारते, खुंट कशाला? वाचकांच्या छत्र्या अडकवायला. जमिनीलगत का? गवंडी अडाणी असतात.

९ डिसेंबर
भाषण पाठ करतो आहे. कोट उन्हात टाकला. सौ. तिची ट्रंक उन्हात टाकते आहे. म्हणाली, ऐका एकदा शेवटचं, गावानं तुमचं नुसतं वरचं... मी हात वर केला. भाषणाची लय तुटते.

१५ डिसेंबर, रविवार. दुपारी
जे झाले ते क्रमाने लिहितो.
अख्खे गाव लोटले. फाटकावरची पाटी फडक्याने झाकलेली. हार, नारळ, हंबीररावांचा बिगुल. आधी माझे भाषण. मी म्हणालो, जे आजवर गावात दिशाहीन भटकत होते, त्यांना आता हक्काची जागा मिळाली. टाळ्या. आत आल्यावर कोणी आवाज करू नये, शेजाऱ्याला ढकलू नये. टाळ्या, हशा. जे मिळेल ते सावकाश घ्यावे, मग निवांत रवंथ करावे, तेव्हाच ते अंगी लागते. टाळ्या थांबेनात. केरबा डोळे पुसत होता. मुदतीत परत न नेल्यास दंड होईल, असे म्हणालो तेव्हा म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी उठून माझा हात हातात घेतला. आयुष्यात असे भाषण झाले नव्हते.
मग मी फडके ओढले. 'कोंडवाडा'. खाली बारीक अक्षरांत, 'तात्यांच्या आग्रहावरून'.
मी काही बोलणार तोच फाटक उघडले. बाळासो पाटलाच्या उसात सापडलेले पहिले जनावर आत आणले. बनुबाईची म्हैस. बनुबाई मागून बोंबलत, माजी गरीब गाय हो ती! (म्हैस. पण दुःखात चालते.) म्हैस माझ्यासमोरून वळली. तिच्या कुशीवर, वीतभर उंच, उलटे उमटलेले, माझ्याच वळणाचे, मी आज पहाटे काढलेले 'परंतु'.
त्याखाली पोटापर्यंत माझा सगळा उत्तरपक्ष. गिचमिड, पण ओळखू आला.
हंबीररावांना विचारले, फळ्यावर रोज काय वाचलेत? ते म्हणाले, वरलं. खाली कवा काय असतंय?

१५ डिसेंबर. रात्री
सौ.ला म्हणालो, तू सांगितले का नाहीस? ती ट्रंक भरत होती.

१६ डिसेंबर
सौ. सकाळच्या मोटारीने सांगलीला गेली. मोटार सुटताना खिडकीतून एक वाक्य पूर्ण बोलली. मी मध्ये बोललो नाही; इंजिन चालू होते. म्हणाली, म्हैस तुमचं अर्धं पुसत होती, आणि तुम्ही माझं.

१७ डिसेंबर
संकल्प: डगमगायचे नाही. शत्रू आत कोंडलेला आहे. बनुबाई दंड भरणार नाही म्हणते. तिच्या मते तिच्या जनावराला मी बिघडवले. म्हणजे फळा सुरक्षित. पहाटे संपूर्ण मत लिहिले, कोंडवाड्याविरुद्ध, वरपासून खालपर्यंत. दुपारी जाऊन पाहिले. घुटमळलो. अक्षर न अक्षर शाबूत!
लोकांनी प्रथमच सगळे वाचले. केरबा म्हणाला, तात्या, वर एक लिवलंय, खाली दुसरंच. बरं न्हाई का तुमाला? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

२० डिसेंबर
म्हैस माझ्या खिडकीशीच बांधली आहे. रात्रभर रवंथ. माझ्याच सल्ल्याने. पहाटे साडेचारला बिगुल, की ती हंबरते, की बाकीची अकरा हंबरतात. जागरूक पेन्शनर रात्रंदिवस लक्ष ठेवून आहे.
चहात साखर घालायला कोणी नाही, म्हणून साखर पूर्ण बंद झाली आहे. सौ. नाही, घरात करमत नाही. इथे लिहून ठेवतो. इथे कोणी पुसणार नाही.

२४ डिसेंबर
सौ.ला सांगलीला कार्ड लिहिले. आधी तिचे सगळे म्हणणे मांडले, तिच्याहून चांगले. इतके पटले की 'परंतु' लिहायला जागाच उरली नाही. तसेच टाकले.

२८ डिसेंबर, शनिवार
आनंदाची बातमी. सौ. मंगळवारी येते. कार्डावर दोनच ओळी: 'येते. माझं बोलून व्हायचं आहे.'
दुसरी बातमी. बनुबाईने म्युनिसिपालिटीत अर्ज दिला: फळ्याच्या ओल्या खडूने म्हशीच्या अंगाला खाज सुटते, ती दूध देत नाही, फळा तिच्या अंगाला लागणार नाही असा करावा. सभेत अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेला. कोणी मध्ये बोलले नाही. ठराव एकमताने. म्हैस सुटली, दंड माफ.
आणि आज सकाळी आकाराम शिडी घेऊन आला. फळा पुन्हा दीड हात वर चढवला आहे.
मी खाली उभे राहून पाहिले. टाचा उंचावल्या. हात पोचत नाही.