जहाजावरचा मुलगा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सुकन्याने मोबाईलवर जहाज दाखवलं. तिच्या कंपनीचं, नवं. पांढरं, पुढे निमुळतं, मागे एकदम रुंद. मागून लांबच लांब केबल सोडतात — टोक कोपरगावात असेल तर जहाज शिर्डीच्या वाटेवर! पाण्यात दाबलेल्या हवेचे बार काढतात. समुद्राच्या तळाखालून आवाज परत येतो, केबल तो टिपते. त्यावरून कळतं खाली तेल असेल का.

"मासे धरत नाही, माल नेत नाही. नुसतं ऐकत फिरतं?"

"बाबा, एवढं ताकदवान जहाज कंपनीकडे आजवर नव्हतं!"

मग खाली बघून म्हणाली — कल्याण नावाचा मुलगा आहे. तिसगावचा. याच जहाजाच्या कामावर. आम्हाला लग्न करायचंय.

म्हणजे जहाज ही प्रस्तावना होती.

सोमवार, १०

असल्या जहाजावरची माणसं निम्मं वर्ष पाण्यावर असतात, असं वाचलं. तो तिकडे, माझी मुलगी पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. आजारी पडली तर? त्याला सोयीचं आहे सगळं. फार सोयीचं.

सत्यशीला आई असून शांत! म्हणते, "तुम्ही कॉलेजातून निवृत्त झालात, तुमचा संशय नाही झाला."

गुरुवार, १३

दाढी तीन दिवस वाढवली आणि तिसगावला गेलो. सोयरिकीची चौकशी सलूनमध्येच करावी. नाव सांगायचं नाही, गाल पुढे करायचा.

छगन न्हावी बोलका निघाला. "आसारामचा कल्यान? लई गुनाचं पोरगं. सुपारीचं खांड न्हाई तोंडात."

"बोटीवर असतो म्हणे."

"कुनाला ठावं. दिवाळीत हितंच हुता की. म्हातारीला घेऊन दवाखान्यात गेल्ता."

दिवाळीत! दिवाळीत जहाज चाचणीसाठी समुद्रात होतं. सुकन्यानेच सांगितलेलं. ती स्वतः ट्रेनिंग आहे म्हणून दिवाळीला घरी आली नव्हती.

फेस पुसताना छगन म्हणाला, "पाव्हनं, दाढी तर नावालाच हुती. पोरगी थोरली का धाकटी?"

शुक्रवार, १४

तो खोटं बोलतो. एवढं नक्की.

रविवार, १६

सुकन्या आली. मी वाट पाहिली नाही.

"तुझा कल्याण दिवाळीत जहाजावर नव्हता. घरी होता."

"हो. मग?"

"तुला ठाऊक आहे?"

हसली. मग हसू थांबलं. "बाबा, मला काहीतरी विचारा ना."

"तुलाच तर विचारतोय."

"नाही. तुम्ही त्याच्याबद्दल विचारताय."

शब्दांचे खेळ. मीच शिकवले. ती आत गेली, आईशी हळू बोलत राहिली. मी गेलो की दोघी गप्प.

सोमवार, १७

जहाजाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. डेकवर नारिंगी कपड्यांतली माणसं. थांबवून थांबवून बघितली. हेल्मेटखाली कोण कोण आहे, काही कळत नाही.

गुरुवार, २०

नकार कळवायचं ठरवलं. ज्याची नोकरीच धड कळत नाही, त्याला मुलगी कशी द्यायची? आणि नोकरी खरी निघाली तर तो घरी नसणार. दोन्हीकडून वाईटच.

सत्यशीला म्हणाली, "आधी पोरीशी बोला."

"बोललो."

"तुम्ही उलटतपासणी घेतली. पोलिसात असायला हवं होतं तुम्ही!"

"तुला काय ठाऊक आहे?"

"तिच्याकडूनच ऐका," म्हणाली आणि भाजी निवडू लागली. चाळीस वर्षांत प्रथमच तिच्यावरही संशय आला.

फोन उद्या करीन.

शनिवार, २२

केला नाही. सुकन्याचा आवाज कानात राहतो — मला काहीतरी विचारा ना. काय विचारायचं राहिलं?

रविवार, २३

सकाळी कल्याणचे वडील आले. आसाराम. न कळवता, आणि आधी कोपऱ्यावरच्या दुकानात आमची चौकशी करून! चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"सर, माझं पोर पुन्यात हापिसात बसतंय. बोटीवरनं आल्यालं कम्पुटरवर बघायचं, येवढंच त्याचं काम. पर बोटीवर कामाला तर तुमची ल्येक हाय. लगीन झाल्यावरबी जानार, वर्सातलं सा म्हैने. घरात मानूस न्हाई तर संसार कसला वो? तुमाला ठावं हाय ना ह्ये?"

दारात सत्यशीला. माझ्याकडे बघत.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "ती जाणार. तुमच्या मुलाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."