उभ्या नळीतले रक्त

चि. धाकट्यास,

आधी घटना, क्रमाने. माझ्या मुलीचे यकृत निकामी झाले. तू तुझ्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग तिला दिलास. ती सावरली, आता माझ्याशी भांडतेही. तुला मात्र ताप आला, आणि काल तुझे रक्त माझ्याच प्रयोगशाळेत तपासणीला आले.

आप्तांचे नमुने स्वतः हाताळू नयेत, हा नियम माझाच. तो मी मोडला. शरीरात दाह असेल तर उभ्या नळीतल्या रक्ताच्या लाल पेशी झपाझप तळाशी बसतात. सहायक म्हणाली, "मॅडम, तासभर टक लावून काय बसलात? दूध आहे का ते, उतू जायला?" मी हलले नाही. तुझ्या पेशी संथपणे, तुझ्या स्वभावाला न शोभणाऱ्या शिस्तीने उतरल्या. दाह ओसरला आहे. यकृताचे आकडेही निर्दोष आहेत. कापून दिलेले यकृत पुन्हा भरून येते, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले; काल ते माझ्या भावाच्या शरीरात घडताना पाहिले आणि बसल्या जागी हात जोडले.

फोनवर तू म्हणतोस, "ताई, ठणठणीत आहे गं! उरलेलं लिव्हर कुणाला हवंय का विचार." माझा यावर काडीचाही विश्वास नाही. वेदना रक्तात दिसत नाही.

हे पत्र टपालात टाकण्याचा धीर मला होईलसे वाटत नाही. तरीही विचारते: दुखते का? कुठे, किती? उत्तर लेखी हवे, तुझ्याच अक्षरात, विनोद वगळून.

तुझी,
ताई