लाईट गेली तर?

११ जानेवारी, रविवार
कोडं सुटेना! पुरवणीत आज 'इलेक्ट्रॉनिक्स विशेष शब्दकोडे' – हौशी लोकांसाठी म्हणे. हौस माझी दांडगी, पण अख्खा जन्म अंगणवाडीत काढलेल्या बाईला हे कसं यायचं? 'प्रवाहाला अडवणारा' – रोधक, बसलं. 'वीज साठवून ठेवणारे, तीन अक्षरी' – धारित्र, तेही बसलं. 'ज्याच्या तालावर घड्याळ चालते ते सर्किट, चार अक्षरी' – इथे गाडी अडली.

तेवढ्यात शेजारचा पवन पळत आला. हे उसाच्या बांधावर चक्कर येऊन पडले. महिन्यात दुसऱ्यांदा!

१३ जानेवारी
नंदुरबारला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार मंद पडलेत, पेसमेकर बसवावाच लागेल, धुळ्याला जा. उशीर केला तर झोपेतसुद्धा थांबेल – असं तोंडावर म्हणाले.

आणि हे? गावी, कळसाडीला आलो. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आपलाकडे आठ तास लाईट. बाकीना येळ मी काय मरी जाऊ?"

मी हसले. मग कळलं, माणूस खरंच बोलतोय!

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ केला, गोड काही लागला नाही.

म्हटलं, अहो, मशीनला वायर नसते भिंतीतली. मोबाईल बंद पडतो का लाईट गेली की? तर म्हणे, "मंग मी रोज चार्जिंगले भितले टेकी बसू का?" हटवादी मेला! रात्री चारदा उठून ह्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मला फार भीती वाटते.

१६ जानेवारी
आंदोलक! चार अक्षरी – आंदोलक! भांडी घासता घासता आठवलं. पवनच्या सायन्सच्या पुस्तकात वाचला होता. ठरावीक वेळाने ठोका देत राहतो, एवढ्याशा सेलवर.

तशीच ओल्या हाताने ह्यांच्यापुढे उभी राहिले. "तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचा सेल शेवटचा कधी बदलला?" आठवेना! "मग? तेच छातीत बसवायचं. सेल आतच. वर्षानुवर्षं चालतो. तुमचं हृदय नीट चाललं तर मशीन गप्प, अडखळलं तर ठोका देणार. शेतातल्या मोटारीला आपोआप चालू करणाऱ्या ऑटोसारखं." घड्याळ कानाला लावून बसले.

संध्याकाळी विसरवाडीहून माझा भाऊ लखन आला. म्हणाला, "ताई, गाडी मन्ही. धुयाले मीच थांबसू तुमना जोडे. दोन्हीस्ले घर आणीसन सोडसू." धुळ्याला सोबत थांबून दोघांना घरी आणून सोडणार म्हणे! त्याला चहा दिला, तर हे एकदम म्हणाले – चला, उद्याच निघू.

जिंकले! कोडं सोडवून नवरा पटवला म्हणायचं. तीस वर्षं ऐकतेय, "नुसता चौकोन भरी ऱ्हायनी." घ्या आता!

१९ जानेवारी, धुळे
आत नेलंय. लखन सारखा पाणी आणून देतोय. पिववत नाही.

१९ – दुपार
झालं!! व्यवस्थित झालं. डोळे उघडून पहिलं विचारलं, उसाला पाणी कोणी दिलं? देवा! मी तिथेच रडले. नर्सने बाहेर काढलं.

२० जानेवारी
ठोके बहात्तर. जीव भांड्यात पडला.

२३ जानेवारी
घरी! गाव लोटलंय. जो येईल त्याला हे पट्टी दाखवतात आणि मी आंदोलक समजावते. शेजारच्या कौसाबाईला दोनदा सांगितलं. पोटभर जेवले आज, आणि मीही.

२५ जानेवारी, रविवार
नवं कोडं घेऊन बसले होते. हे शेजारी येऊन टेकले. हळूच म्हणाले, "मशीनमा सेल ऱ्हास, हाई मले पहिलेपासून ठाऊक व्हतं."

मग एवढा तमाशा कशाला केला हो?

"मी तठेच ऑपरेशनना टेबलवर मरी गऊ, ते तू एकली धुयाथीन घर कशी येशी? तेच भ्याव व्हतं. लखन हो म्हणना, मंग मी हो म्हणनू."

भांडणार होते चांगली. पण पुढचा चौकोन भरायलासुद्धा पेन उचलेना.